उरक

आमच्या आत्याच्या हाताला उरक होता. होळीला साठ-सत्तर पुरणपोळ्या ती एकटी करायची. मदतीला आलेल्या बायकांची परातीभोवती धावपळ चाललेली असायची आणि हिच्या कपाळावर आठी नाही. लहानपणी मला वाटायचं, आत्या फार भराभर लाटते. एकदा ओट्याशी उभं राहून नीट बघितलं तेव्हा कळलं, ती मुळीच भराभर लाटत नव्हती. एक पोळी तव्यावर पडली की तिची खालची बाजू भाजेपर्यंत पुढची निम्मी लाटून व्हायची. पोळी उलटली की उरलेली निम्मी. भाजलेली उतरवायला आणि लाटलेली उचलायला हात नेमका त्याच वेळी मोकळा. तव्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लाटायचं, असा साधा हिशेब होता. शेजारची काकू तिच्यापेक्षा कितीतरी चपळ. पण काकूने लाटलेल्या पोळ्या तव्याची वाट बघत ताटात साठायच्या, एकमेकींना चिकटायच्या, उचलताना एखादी फाटायची, पुरण तव्यावर सांडून जळायचं. मग तवा पुसा, आच कमी करा, पुन्हा तापू द्या. तासाभराने काकू घामाघूम झालेली असायची, आणि डब्यात पोळ्या आत्याच्या जास्त.

मराठीत या गुणाला 'उरक' म्हणतात, 'वेग' म्हणत नाहीत, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. घाई लांबूनही दिसते. उरक संध्याकाळी, काम संपल्यावर दिसतो. नोकरीत पुढे जायचं तर कोणत्या गतीने काम करावं, या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर त्या तव्यापाशीच संपतं. पण तेवढ्यावर प्रकरण भरत नाही, म्हणून आकड्यांकडे वळू.

आधी तासांचा विषय संपवतो, कारण आपल्याकडे कामाची गती म्हटली की माणसं घड्याळ काढतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं, रविवारीही कामावर बोलावता आलं असतं तर बरं वाटलं असतं, अशा अर्थाचं बोलणं बाहेर आलं. दोन्ही वेळा भांडण झालं ते देशसेवा की पिळवणूक, या मुद्द्यावर. मला पडलेला प्रश्न त्याहून किरकोळ होता. सत्तर तासांत काम नेमकं किती होतं?

हे शंभर वर्षांपूर्वी मोजलेलं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला तोफगोळे कमी पडू लागले. कारखान्यांत बायकांची मोठी भरती झाली, रविवारीही पाळ्या चालू ठेवल्या गेल्या, तरी माल पुरेना. १९१५ मध्ये सरकारने दारूगोळा कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करायला समिती नेमली. समितीच्या माणसांनी कारखान्यांत जाऊन कोणत्या आठवड्यात किती तास काम झालं आणि किती नग निघाले, याच्या नोंदी ठेवल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी त्या जुन्या तक्त्यांचा नव्याने हिशेब केला आणि २०१४ मध्ये तो छापला. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढले की त्याच प्रमाणात माल वाढत होता. त्यापुढे प्रत्येक जादा तासाचं पीक कमी कमी येत गेलं. आणि ७० तास राबून जेवढा माल निघत होता, तो ५६ तासांच्या मालाहून फारसा जास्त नव्हता. चौदा तास जवळजवळ पाण्यात. विसाव्याचा वार काढून घेतला की आठवड्याचं उत्पादन घटतं, हेही त्याच तक्त्यांतून निघालं.

लोखंडाचे नग घडवणं वेगळं आणि डोक्याचं काम वेगळं, असा आक्षेप यावर येतो. वेगळं आहेच. नग बिघडला तर तिथल्या तिथे बाजूला काढता येतो. रात्री अकरा वाजता पेंगत लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या फोनवरून कळते, आणि तोवर तिच्यावर आणखी चार मजले चढलेले असतात. डोक्याच्या कामात जादा तास आणखी महाग पडतात, स्वस्त नाही.

रविवारचं मोल मुंबईला या समितीच्या पंचवीस वर्षं आधी कळलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेऊन, अर्ज करून गिरणीमालकांमागे धोशा लावला आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पेन्कावेल यांच्या ४९ शी हा आकडा इतका जवळचा यावा हा योगायोगच. पण चांगला योगायोग आहे.

तासांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लय कोण देतं ही. आत्याला ती तवा देत होता. गिरणीत यंत्र देतं. गिरणीच्या बोलीत मागाला 'साचा' म्हणत. मुंबईचा विणकर सहसा दोन साचे सांभाळायचा. १९२० नंतरच्या दशकात काही गिरण्यांनी त्याला तीन साच्यांवर उभं करायची योजना आणली, आणि १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. त्या संपात पगाराचे आणि नोकऱ्या जाण्याचेही प्रश्न होते, पण हा तिसरा साचा मुख्य भांडणांपैकी एक होता. कागदावर तो साधा दिसतो. दोन साच्यांवर अमुक वार कापड, तर तिनांवर दीडपट. प्रत्यक्षात सूत तुटतं. विणकर एका साच्याचा धागा जोडत असताना दुसऱ्याचा तुटला, तर तो साचा थांबून राहतो. तिसरा आला की थांबलेल्या साच्यांची रांग लागायला वेळ लागत नाही, आणि माणूस दिवसभर रांगेच्या मागे पळत राहतो.

या रांगेचं गणित आहे, आणि ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी समजून घ्यावं असं माझं मत आहे. त्याचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने घातला. त्याचा यावरचा पहिला लेख १९०९ चा. टेलिफोनच्या किती तारा टाकल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा त्याचा प्रश्न. आपण सेतू केंद्रातली एक खिडकी घेऊ. एका दाखल्याला सरासरी सहा मिनिटं लागतात, म्हणजे तासाला दहा माणसं निघू शकतात. माणसं अर्थातच घड्याळ लावून येत नाहीत. कधी तीन एकदम येतात, कधी दहा मिनिटं कोणी नाही. कुणाचे कागद पूर्ण असतात, कुणाची झेरॉक्स राहिलेली असते. तासाला सरासरी पाच माणसं आली, तर प्रत्येकाला रांगेत सरासरी सहा मिनिटं थांबावं लागतं. आठ आली तर चोवीस मिनिटं. नऊ आली तर चोपन्न. आणि साडेनऊच्या सरासरीला एक तास चोपन्न मिनिटं.

हे आकडे पुन्हा वाचा. नवाचे साडेनऊ झाले, म्हणजे खिडकीवरच्या माणसाने जेमतेम साडेपाच टक्के जास्त काम केलं, आणि रांगेतल्या प्रत्येकाचा खोळंबा दुपटीहून वाढला. खिडकीवरच्याने काही आळस केलेला नाही. उलट दिवसभरात त्याने जेमतेम पाचेक टक्के वेळ मान वर केली असेल. रांग वाढली ती त्याच्याकडे मोकळी जागाच उरली नाही म्हणून.

आता त्या खिडकीच्या जागी स्वतःला बसवा. दिवस पूर्ण भरलेला असणं हे आपल्याकडे कर्तबगारीचं लक्षण समजलं जातं. 'मरायला वेळ नाही' हे माणसं अभिमानाने सांगतात. पण वेळ शंभर टक्के भरलेल्या माणसाकडे गेलेलं प्रत्येक नवं काम लटकतं. साहेबाला दोन ओळींचं उत्तर हवं असतं, ते परवा मिळतं. शेजारच्या विभागाचं काम याच्या सहीसाठी अडतं. वर्षअखेरीला याच्याबद्दलचं मत असं बनतं, की मेहनती आहे बिचारा, पण याच्याकडे काही दिलं की ते तिथेच राहतं. बढतीच्या बैठकीत 'बिचारा' हा शब्द फार वाईट. उलट एखादा माणूस आठवड्याचे चार दिवस भरतो आणि पाचव्याएवढा वेळ मोकळा राखतो. अचानक मोठं काम आलं, की ते घ्यायला तोच एकटा रिकामा असतो. दैव बलवत्तर, असं बाकीचे म्हणतात.

मोकळा राखलेला वेळ रिकामा दिसू द्यायचा नाही, हे मात्र सांगायला हवं. ऑफिसात रिकामा दिसलेला माणूस संध्याकाळच्या आत भरला जातो. जुन्या कामाची टिपणं नीट लावून ठेवणं, नवं काही शिकणं, ज्याची तारीख अजून लांब आहे अशा कामाची चाचपणी करणं, ही कामं तिथे बसतात. ती कधीही बाजूला ठेवता येतात, हाच त्यांचा उपयोग. आणि ज्यांच्या हातात ही सोय मुळीच नाही, ज्यांची लय मोबाइलमधलं ॲप मिनिटामिनिटाला ठरवतं, अशा डिलिव्हरीवाल्या मुलांना हे प्रकरण वाचून दाखवणं म्हणजे त्यांची थट्टा होईल. त्यांना प्रकरण नको, १९२८ सारखी संघटना हवी.

माझ्या पहिल्या नोकरीत मी नेमकं उलटं केलं होतं. तक्ते तपासायचं काम होतं. इतरांना चार तास लागायचे, मी ईर्षेने दोन तासांत उडवायचो. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी दोन तास हेच माझं माप ठरलं आणि उरलेल्या दोन तासांत आणखी एक तक्ता येऊन बसला. तिसऱ्या महिन्यात एका तक्त्यातली दोन रकान्यांची अदलाबदल माझ्या नजरेतून सुटली आणि तशीच छापून गेली. त्यानंतर वर्षभर मी काहीही दिलं तरी ते दुसरं कुणीतरी पुन्हा तपासायचं. दोन तासांची माझी कमाई अशी कायमची खर्ची पडली. सुरुवातीलाच साडेतीन तास घेतले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

तारीख देणं हा गतीचाच भाग आहे, आणि तिथे जवळजवळ सगळेच फसतात. कॅनडातल्या रॉजर ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मानसशास्त्राचे विद्यार्थी आपला प्रबंध पुरा करत आले होते. किती दिवस लागतील, असं त्यांना विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. मग विचारलं, सगळं बिघडेल तेवढं बिघडलं, तर? उत्तर आलं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. यातलं ५५ मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. माणसाची वाईटातली वाईट कल्पनासुद्धा वास्तवाच्या एक आठवडा मागे राहते, हे जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'आजच्या आज देतो' म्हणणारा माणूस त्या क्षणी साहेबाला आवडतो. 'गुरुवारी देतो' म्हणून बुधवारी देणारा पुढची पाच वर्षं आवडतो. बुधवारी आणि आजच्या आज, यांत कामाचे तास तेवढेच असतात. म्हणून तारीख देताना मनातल्या अंदाजाकडे बघू नये, मागच्या तशाच कामाला प्रत्यक्षात किती दिवस लागले ते डायरीत बघावं. डायरी नसेल तर ती आधी सुरू करावी.

आता उमेदवारीच्या वर्षांबद्दल. इथे गती हळू असावी असं मी म्हणतो, आणि तरुण वाचक नाराज होतात. त्यांनी एखाद्या गवयाकडे शिकवणी चालते ती बघावी. पलटा आधी बरोबरीच्या लयीत घोटून घेतात, मग दुगुन, मग चौगुन. बरोबरीत जो सूर लागला नाही तो चौगुनीत लागत नाही, फक्त झाकला जातो. मैफलीतही मोठा ख्याल विलंबितात मांडला जातो. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं, आणि त्या मिनिटात गायकाला लपायला कुठेही जागा नसते. सुरुवातीलाच तबलजीला चढी लय दिली, तर पुढे तानांच्या वेळी जायचं कुठे? नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं विलंबिताची. फाइल कुठून येते, कुठे जाते, कोणता कागद कशासाठी असतो, हे तेव्हा विचारलेले प्रश्न बावळट वाटत नाहीत. सातव्या वर्षी तेच प्रश्न विचारायची चोरी होते. हळू म्हणजे ढिलं मात्र नव्हे. विलंबितात तबलजी वाट बघत नाही. सम ठरल्या मात्रेवर येते, तुम्ही पोचा किंवा पोचू नका.

आयुष्यभर आलापच करत राहणारेही असतात, आणि त्यांच्यासाठी चार्ल्स डार्विनची हकिगत सांगितली पाहिजे. बीगल जहाजावरची सफर संपवून तो १८३६ मध्ये इंग्लंडला परतला. सजीवांच्या जाती बदलत जातात, या विचारावरची पहिली वही त्याने १८३७ मध्ये उघडली आणि पुढच्याच वर्षी नैसर्गिक निवडीची कल्पना त्याच्या हाती लागली. १८४४ मध्ये दोनशेच्या वर पानांचा निबंध लिहून तयार होता. आपण मेलो तर तो छापावा, अशी चिठ्ठी बायकोच्या नावे लिहून त्याने तो ठेवून दिला. मग १८४६ ते १८५४, सलग आठ वर्षं, तो बार्नॅकल तपासत बसला. समुद्रातल्या खडकांना आणि होड्यांच्या बुडाला चिकटणारे हे कवचाचे जीव. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक घ्यायचा, चिरायचा, वर्णन लिहायचं. त्याच्या पोरांना सगळ्याच घरांत वडील हेच करतात असं वाटायचं. शेजाऱ्यांबद्दल त्यातल्या एकाने विचारलं म्हणे, मग ते त्यांचे बार्नॅकल कुठे करतात?

हे वेळ काढणं नव्हतं. त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याने १८४५ मध्ये एका तिसऱ्याच लेखकाबद्दल बोलताना म्हटलं होतं, की ज्याने स्वतः अनेक जातींचं बारकाईने वर्णन केलेलं नाही त्याने जातींच्या प्रश्नाला हात घालू नये. ते डार्विनला लागलं. आठ वर्षांनी त्याचे चार ग्रंथ झाले, १८५३ मध्ये रॉयल सोसायटीचं पदक मिळालं, आणि जातींवर बोलायचा त्याचा अधिकार कोणी विचारेनासा झाला. हे सगळं त्याने दिवसाला चारेक तासांच्या लिखाणा-वाचनात केलं. सकाळी आठ ते साडेनऊ, मग पत्रं, साडेदहा ते बारा, मग बागेतल्या वाटेवर फेऱ्या. संध्याकाळी आणखी तासभर. हा दिनक्रम सांगून हल्ली लोक कमी कामाची महती गातात. वडिलांचा पैसा होता, घर बायको एमा बघत होती, नोकरचाकर होते आणि डोक्यावर साहेब नव्हता, एवढं त्यात जोडायचं राहून जातं.

पण वीस वर्षं लय त्याच्याच हातात होती, आणि तो ती वाढवेना. चार्ल्स लायेल हा भूगर्भशास्त्रज्ञ त्याला सांगून दमला, की लवकर छाप, कोणीतरी पुढे जाईल. १८५६ मध्ये डार्विनने लिहायला घेतलं ते भलंमोठं पुस्तक, संपायचं नाव नाही. १८५८ च्या जूनमध्ये टपालाने एक पाकीट आलं. आताच्या इंडोनेशियातल्या तर्नाते बेटावरून आल्फ्रेड रसेल वॉलेस याने नेमकी तीच कल्पना थोड्याशा पानांत लिहून पाठवली होती. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. त्यानंतर डार्विनने मोठं पुस्तक बाजूला सारलं आणि 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' तेरा महिन्यांत लिहून काढलं. तेरा महिन्यांत ते होऊ शकलं, कारण दहाएक प्रकरणांचा मजकूर आधीच लिहून पडलेला होता आणि कोणता पुरावा कुठल्या वहीत आहे हे त्याला पाठ होतं. त्या पाकिटाने त्याला नवं काही शिकवलं नाही. फक्त लय दिली.

तेव्हा आपल्या कामात दर दोन-तीन वर्षांनी एकदा तपासावं, की आपलं विलंबित अजून तयारीचं आहे, की ते आता नुसतं सवयीचं झालं आहे. तयारी झाली असेल तर सहा महिने, फार तर वर्षभर, द्रुतात जावं. जादा तास, रात्रीची जागरणं, जे काय लागेल ते त्या कामासाठी खर्च करावं आणि परत यावं. द्रुत हे राहायचं ठिकाण नाही. डार्विनलाही ते फुकट मिळालं नाही. पुस्तक २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झालं, पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती छापलेल्या होत्या. त्या दिवशी लेखक घरी नव्हता. तब्येत ढासळल्यामुळे तो यॉर्कशायरमधल्या इल्कली गावी गार पाण्याचे उपचार घेत होता.